गुटीचे दोन वेढे

आई, काल मी एका म्हातारीवर ओरडले. भर वॉर्डात, सगळ्यांसमोर. तू असतीस तर तिथेच माझा कान धरला असतास. तिचा नातू दोन महिन्यांचा. जन्मापासून मानेत गाठ, अशी क्वचितच कुणाला होते, आणि आता ती वाढून श्वासनलिकेला एका अंगाला ढकलतेय. पोर मुंबईपर्यंत टिकेल याची खात्री नव्हती, म्हणून सर्जनच इकडे रत्नागिरीला आले. गाठ काढणार ते. पण त्याआधी बाळाला भूल देऊन त्या सरकलेल्या श्वासनलिकेत ट्यूब घालायची मी. ती गेली नाही तर झोपवलेलं बाळ उठायचं नाही. पोट रिकामं हवं, थेंबसुद्धा द्यायचा नाही, हे मी स्वतः घरच्यांना बजावलं होतं. आणि आजीने सकाळी पिशवीतून सहाण काढली, सुनेच्या दुधात गुटीची मुळं गोल फिरवून उगाळली आणि चाटवली! विचारलं तर म्हणते, "रोजचे दोन वेढे गो बाय, जास्त नाय. उपाशी किती रडवायचं त्याला?" ऑपरेशन एक दिवस पुढे ढकलावं लागलं. मग मुलगा तिच्याशी बोलेना, सून तिला बाळाला हात लावू देईना. म्हातारी दाराशी बसून राहिली.

आज घरी आले तरी जिवाला स्वस्थता नाही. चहा केला, तो तसाच निवला. पावसच्या आपल्या स्वयंपाकघरात तू सहाण मांडून बसलेली दिसतेस. शेजारच्या पोरांची गुटीही तूच उगाळायचीस, आयांना रांगेत बसवून. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचं शहाणपण घेऊन सुट्टीला आलेय, हे सगळं बंद कर म्हणून तुला सुनावतेय, आणि तू हात न थांबवता म्हणतेस, "शिकलीस ते बरं केलंस. पण माणसांची तोंडं बंद करायला शिकू नकोस." तेव्हा असा राग आला होता तुझा! खरं सांगू, अजूनही येतो.

आज सकाळी पहिल्यांदा ट्यूब गेलीच नाही. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली खाली येतोय, सर्जन माझ्याकडे बघताहेत. मास्कने श्वास दिला, मानेखालची कापडाची घडी बदलली, पुन्हा ट्यूब घातली, आणि गेली एकदाची. गाठ अख्खी निघाली. बाळ ठीक आहे, आई. बाहेर येऊन मी तेवढं सांगितलं, तर म्हातारीने वाकून माझे पाय धरले. "माझ्या हातनं मेला असता गो," म्हणाली.

तिला सांगायचं होतं ते तुला सांगतेय. काल गुटीचं ऐकलं तेव्हा आधी मला हायसं वाटलं. त्या पोराची मान बघितल्यापासून माझे हात गार पडले होते, त्यांना एक दिवस मिळाला. ते कुणाला दिसू नये म्हणून मी ओरडले. आणि आज तिने पाय धरले, तर मी ते धरू दिले.