राखीव यादीतील चालकाच्या लंगडण्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
राखीव सैनिक विभाग,
जिल्हा सैनिक कार्यालय.

विषय : माझ्या यजमानांना पुन्हा सेवेत बोलावणार किंवा नाही, हे एकदाचे कळविण्याबाबत.
संदर्भ : फाटकापाशी झालेले शेजाऱ्यांचे बोलणे.

महोदय,

१. अर्जदार गृहिणी आहे. यजमान आपल्याकडे वाहनचालक होते. सेवामुक्त होऊन सध्या शाळेची बस चालवतात. नाव मात्र राखीव यादीत आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या निवृत्त हवालदारांनी फाटकातूनच थट्टा केली, "काय चालकसाहेब, ट्रंक काढली का माळ्यावरून? बोलावणं येतंय म्हणे!" यजमान हसले. आमची सात वर्षांची मुलगी हसली नाही.

२. अधू माणसाला सैन्यात घेत नाहीत, असं तिला शाळेत कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी वडिलांकडून लंगडण्याचा सराव करून घेते. "असं नाही बाबा, पाय ओढत चाला!" म्हणून दटावते. यजमानांना हुकूम पाळायची सवय आपणच लावलीत. आता ते बसपाशीही लंगडतात, आणि हे गृहस्थ ब्रेक नक्की कोणत्या पायानं दाबतात, अशी पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी विचारणा केली आहे.

३. शिवाय "माझे बाबा फार घोरतात, शत्रूला जागा कळेल" हेही आपणांस कळवावं, असा तिचा हट्ट आहे. कळवीत आहे. घोरण्यापुरतं तिचं म्हणणं खरं आहे.

४. "बाबांना कधीच नेणार नाहीत" एवढं एक वाक्य मी बोलले असते, तर आपणांस तसदी द्यावी लागली नसती. परंतु आजच्या दिवसात खोटं बोलणार नाही, असं मी रोज पहाटे दिव्यापुढे बसून म्हणते. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. यजमान म्हणतात, "अगं, एवढ्यापुरता देव कानाडोळा करील." करीलही. पण मुलीला माझा नेम ठाऊक आहे, म्हणून तर ती सगळ्यांना सोडून मलाच विचारते. मी तिचं पांघरूण सारखं करते, आणि ती वडिलांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून झोपते.

५. त्यांना नेऊ नका, असं मागणं या अर्जात नाही. ते जिथे करायचं तिथे रोज करते. आपण फक्त खरं काय ते कळवावं. बोलावणं येणार नसेल, तर पत्र मुलीच्या नावे, मोठ्या अक्षरात पाठवावं. येणार असेल, तर माझ्या नावे. मी तिला सांगेन, जसंच्या तसं. फक्त आधी तिचं जेवण होऊ देईन.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
राखीव चालकाची पत्नी
दिनांक : ९ जुलै