आत्यांचं अंग

२४ नोव्हेंबर १९९७

आल्या एकदाच्या! दीपक ओझरला ड्यूटी संपवून थेट गावी गेला, दिंडोरीच्या पुढे, आणि आईला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. आत्या — म्हणजे लंकाबाई, माझ्या सासूबाई — उतरल्या त्या भिंत धरून. "अंग लय दुखतंय म्हनून आले. चार दिस पडते आन् जाते." द्राक्षांचं काम ऐन भरात असताना ही बाई मळा सोडून आली, म्हणजे दुखणं खरंच असणार.

लग्नाला दीड वर्ष झालं, पण आम्ही दोघी एका घरात आठवड्याच्या वर कधी राहिलेलो नाही. जरा धास्तीच वाटतेय.

२६ नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर तेल कोमट करून आत्यांची पाठ चोळली. मग कंबर, मग पोटऱ्या. "इथं दुखतं का?" — "नाय." "मग इथं?" — "नाय गं." "मग कुठं?" — "असू दे. बरं वाटलं."

कुठं बरं वाटलं ते देव जाणे!

२८ नोव्हेंबर

मेन रोडवरून आत्यांसाठी गाऊन आणला. कॉटनचा, निळ्या फुलांचा, चांगला घेरदार. घरातसुद्धा नऊवारी आणि तो करकचून आवळलेला कासोटा — बघूनच मला गुदमरल्यासारखं होतं. म्हटलं, सुटसुटीत वाटेल. त्यांनी कापडावरून हात फिरवला आणि घडी न मोडता परत दिला. "मला नाय जमायचं."

रागच आला. काय होतंय ते सांगायचं नाही, दिलेलं घ्यायचं नाही. स्वतःचे कपडेही मला धुऊ देत नाहीत, मोरीत तासन्‌तास बसतात. दीपक म्हणतो, "आईला नवीन काही नकोच असतं." ह्याला काय जातंय म्हणायला!

१ डिसेंबर

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. "काय होतंय आजी?" — "अंग दुखतं." झालं! गोळ्या, एक टॉनिक, "या वयात अंग दुखायचंच." वय काय, तर पन्नाशी नुकतीच उलटलीय. आत्या सगळा वेळ त्यांच्या बुटांकडे बघत बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बाप्या मानूस हाय."

"मग?"

"काय नाय."

३ डिसेंबर

आठवीला शरीरातल्या संस्था शिकवतेय. एकाने लिहिलं, 'मोठ्या आतड्यात अन्न थोडी विश्रांती घेते.' अर्धा गुण दिला, कल्पना चांगली आहे. पचन झालं, श्वसन झालं, उद्या रक्ताभिसरण. प्रजननाच्या धड्याबद्दल मुख्याध्यापक आधीच बोलून गेले — "तो मुलं घरी वाचतील. तुम्ही वेळ घालवू नका, मॅडम." मीही मान हलवली. सुटलेच, खरं तर.

मानवी शरीराचा तक्ता मधोमध फाटलाय. चिकटवायला घरी आणलाय.

५ डिसेंबर

नीट लिहिते.

दुपारी तक्ता फरशीवर पसरून मागून कागद लावत होते. आत्या शेजारी येऊन बसल्या, नेहमीसारख्या एका बाजूला कलून. पोट उघडलेल्या त्या माणसाकडे बघून म्हणाल्या, "ह्याचं तर पार बोकड केलंय!" मग माझी परीक्षाच सुरू झाली. मी म्हणायचं यकृत, त्या म्हणायच्या काळीज. मी म्हटलं, काळीज म्हणजे हृदय ना? तर म्हणे, "खाटकाला इचार!" मी आतडी, त्या वजडी. मी वृक्क म्हटल्यावर त्या अडल्या. मग बोट ठेवून — "हॅ! गुर्दा की गं हा!" इतक्या हसलो दोघी! आमचं असं हसणं पहिलंच.

हसता हसताच त्यांनी तक्त्याच्या खालच्या कडेपर्यंत बोट नेलं.

"आन् ह्यात अंग कुठं हाय?"

"हे सगळं अंगच की, आत्या."

"हे नाय गं. बाईचं अंग. बाहेर येतं ते."

मी डिंकाने भरलेली बोटं तशीच धरून बसले.

गर्भाशय! त्या गर्भाशयाला अंग म्हणतात. पहिल्या दिवसापासून त्या मला नेमकं तेच सांगत होत्या आणि मी पाठ चोळत होते!

मग हळूहळू सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता. दीपकच्या पाठची मुलगी झाली तेव्हापासून. (दीपकला बहीण? मला कुणीच बोललं नव्हतं.) पोटातच गेलेली. बाळंतपण अडलं, सुईणीने ओढाओढ केली, आणि आठवडा होतो न होतो तोच ह्यांच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. तेव्हा पहिल्यांदा बाहेर आलं. "हातानं आत सारते, कासोटा आवळते आन् लागते कामाला. आता लय खाली येतं. घासतं. रगत लागतं." लघवीलासुद्धा आधी ते वर ढकलावं लागतं.

म्हणजे तो कासोटा होता म्हणून सगळं जागेवर होतं. आणि मी गाऊन घेऊन आले, घेरदार! फुगून बसले ते वेगळंच.

त्यांचा हात धरून बसून राहिले. मला रडू आलं तर त्याच म्हणाल्या, "तू कशाला रडती? तुझं थोडीच हाय."

६ डिसेंबर

दीपकला सांगितलं. कसं सांगायचं ते कळेना. "बायकांचं आहे." — "म्हणजे?" — "गर्भाशय खाली उतरलंय, बाहेर येतं, तू लहान होतास तेव्हापासून." ओझरच्या कारखान्यात विमानाचा एकेक खिळा तपासणारा माणूस — उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. "मी तिला स्कूटरवर आणलं, तृप्ती. सगळा रस्ता खड्ड्यांचा." माझा फार जीव आहे ह्याच्यावर.

८ डिसेंबर

गंगापूर रोडवरच्या लेडी डॉक्टरकडे. आत्यांनी आत जाताना माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. डॉक्टर भल्या आहेत. तपासून झाल्यावर म्हणाल्या, "मावशी, इतकी वर्षं अंगावर काढलंत?" आत्या म्हणाल्या, "अंगाचंच व्हतं, अंगावरच काढनार!" डॉक्टरही हसल्या.

मला बाजूला घेऊन मात्र हसल्या नाहीत. जखम झालीय. लघवी तुंबून राहते, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. आधी औषधाने जखम भरू द्यायची, मग पिशवी काढायची. टाळून चालणार नाही.

९ डिसेंबर

आत्यांनी लुगड्यांचं गाठोडं बांधलं! "पिशवी नाय काढायची. मला गावी सोडा." मी समजावलं, मूत्रपिंडाचं चित्र काढून दाखवलं, थोडी ओरडलेसुद्धा. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "माझी पोर व्हती तिथं. उजेडात आलीच नाय ती. तिला दुसरं घर ठाव नाय. ते काढून बादलीत टाकायचं?"

मी गाठोडं सोडायला गेले नाही, त्यांच्याजवळ बसले. विचारलं, "नाव काय ठेवणार होतात?"

"मीना."

मग आम्ही बराच वेळ मीनाबद्दलच बोललो. केस दाट होते म्हणे.

११ डिसेंबर

काल दीपक संध्याकाळी आईच्या पायाशी जाऊन बसला. मी स्वयंपाकघरात, कान तिकडे.

"आई, ते माझंपण घर होतं की."

आत्यांनी गाठोडं जवळ ओढल्याचा आवाज आला.

"तिच्या आधी मी राहिलो तिथं. माझा हक्क आधीचा. मी म्हणतो, काढ. मला तू पाहिजेस."

पोळी करपली. शेवटी आत्या म्हणाल्या — "लय शाना झालास." आणि मग, "तूच सही कर बाबा. मला नाय करवायची."

१५ डिसेंबर

जखम भरत आलीय. गुरुवारी ऑपरेशन. माझ्या आईचा सटाण्याहून निरोप होता, विहीणबाईंना काय झालंय? बूथवरून फोन केला. मागे चार माणसं रांगेत उभी. सांगितलं, "पोटाचं ऑपरेशन आहे." अंग म्हणता येईना, गर्भाशय तर त्याहून नाही. आठवीत विज्ञान शिकवते म्हणे!

१८ डिसेंबर

झालं. शुद्धीवर आल्या. पहिला प्रश्न, "दीपक जेवला का?"

दीपकने डॉक्टरांना विचारून पिशवी ताब्यात घेतली. गोदाकाठी मातीत पुरून आला. मी सोबत जाते म्हटलं तर म्हणाला, "तू आईजवळ थांब." आल्यावर हात धुतले आणि आत्यांना फक्त एवढंच म्हणाला, "नीट ठेवलं." त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

२७ डिसेंबर

आत्या सकाळी शिंकल्या. मी धावले. तर पलंगावर ताठ बसून चकित झालेल्या — "शिंकले तरी काय नाय झालं गं!" आणखी एकदा खोटं खोटं शिंकून बघितलं. टाक्यांना त्रास होईल म्हणून रागावले, पण रागवायला जमेना. शिंक आली की मांड्या आवळून, श्वास धरून बसायचं — इतकी वर्षं! दुपारी तपकिरीची डबी मागत होत्या. नाही म्हटलं.

४ जानेवारी १९९८

रविवार. बूथवर गर्दी नव्हती. आईला तिकडच्या वाण्याच्या दुकानातल्या फोनवर बोलावून घेतलं. सगळं सांगितलं, ह्या वेळी नीट, त्याच शब्दांत. ती नुसतं हं हं करत होती. ठेवता ठेवता सहज माझ्या तोंडून गेलं — "आणि आई, तुझं अंग कसं आहे गं?"

पलीकडे वाण्याचा रेडिओ ऐकू येत राहिला. मग अगदी हळू, तोंडावर पदर धरून बोलावं तसं आईने आमच्या माहेरच्या बोलीत विचारलं — "तुले कोनी सांगं?"