सूज मारू नका

प्रिय होणाऱ्या डॉक्टरीणबाई,

मंगळवारी दुपारी सव्वातीनला तू मान खाली घातलीस, तिथंच माझं सगळं फिरलं. तुझे सर साऱ्या लॅबदेखत म्हणाले, “अर्धवट शिकलेल्या पोराच्या हातात रंग दिले की असेच निकाल येणार.” मी तुझ्याकडे बघत होतो, तू पेनाच्या टोपणाकडे. सरांचं काही लागलं नाही. दुसऱ्या वर्षी परीक्षकाशी हुज्जत घालून कॉलेज सोडलं तेव्हा बाबा याहून बरंच बोलले होते. तुझं गप्प बसणं झोंबलं. तूच मला इथं काचपट्ट्या रंगवायला आणलंस, ‘रंगारी’ हे नावही तुझंच. मायक्रोस्कोपशी तू शेजारी बसलीस की माझी पेशींची मोजदाद दरवेळी चुकायची आणि मला पहिल्यापासून मोजावं लागायचं. हे तुला ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस.

पण रंग चुकलेला नाही. बुधवारपासून उंदरांच्या पोटाचे तुकडे बसवलेले तेच मेणाचे ठोकळे पुन्हा कापले, ताजा रंग केला, कुठली पट्टी कुठल्या उंदराची हे मला कळू नये म्हणून सफाईच्या मावशींकडून प्रत्येक पट्टीच्या नंबरावर कागद चिकटवून घेतला आणि मगच मोजलं. मावशी म्हणाल्या, उंदरांशी लपाछपी खेळतोस होय रे? कागद काढले, तर उत्तर तेच. सूज मारली की पोटातला व्रण लवकर भरतो, हा सरांचा हट्ट. म्हणून अर्ध्या उंदरांतल्या मॅक्रोफेज, म्हणजे मेलेलं खाऊन जागा साफ करणाऱ्या पेशी, औषधानं मारल्या. व्रण केल्यापासून आठव्या दिवशी त्यांचेच व्रण उघडे, आणि ज्यांची सूज राहू दिली त्यांचे भरत आलेले. या पेशी आधी बोंब ठोकतात, घाण उपसतात आणि मग त्याच निरोप धाडतात, की आता पुरे, नव्या रक्तवाहिन्या आणा, अस्तर विणा. निरोप्यालाच मारलं तर जखमेला कळणार कसं? हे जिन्यात बसून मला तूच समजावलंस. आणि मलाच म्हणतेस, जरा शांत हो. नाही होत, जा.

आज सकाळी माझ्या टेबलावर कागद होता. ‘रंगकामात माझ्याकडून चूक झाली’ एवढी ओळ, खाली सहीला जागा. अक्षर तुझं, म्हणून हे पत्र. सही केली तर मंगळवारच्या त्या बारा पट्ट्या कचऱ्यात, तुझा प्रबंध सरांच्या मनासारखा आणि माझी नोकरी शाबूत. तुझ्यासाठी वाट्टेल ते केलं असतं गं, एवढं सोडून. कागद होता तसाच ठेवलाय. नव्या पट्ट्या तुझ्या खणात वाळत ठेवल्यात. मोज, नाहीतर फेक, पण आपल्या हातानं. अ‍ॅप्रन काढून ठेवला, मावशींना सांगितलं, आता निघतो. दार आपटायचं मनात होतं, पण आत तुझ्या पट्ट्या वाळतायत. हळूच लावून घेतो.

तुझाच, सही फक्त इथं करणारा,
रंगारी