आई, ती मी नाही

३ नोव्हेंबर, शिरूर
पोचले एकदाची! शिलाई मशीनच्या दुकानाच्या वर आमचा स्टुडिओ: दोन खोल्या, भिंतींना स्पंज चिकटवलेला. काम काय, तर परदेशी मालिकेला मराठी आवाज द्यायचा. गोष्ट उद्याच्या जगाची. घर सोडून गेलेल्या मुलीचा आवाज एक मशीन हुबेहूब उचलतं आणि त्याच आवाजात रोज तिच्या आईला फोन करतं. मुलगी मी! खुटबावची गौतमी हिरॉईन झाली, आता बोला. आईला सांगितलं तर म्हणते, "व्हय, पन जेवलीस का?"

५ नोव्हेंबर
सत्यजीत सरांनी आवाजाचा नमुना घेतला. छापील वाक्यं संपल्यावर म्हणाले, आता मनाचं बोला. घरची आठवण येतच होती, मग काय, तासभर बोलत सुटले. आईचा मोतीबिंदू, ती माणूस आवाजावरूनच ओळखते, विहाराच्या पायरीवर फुटलेला माझा गुडघा, फोन उचलला की आमचं 'जय भीम'. इतकं कोणी ऐकून घेतलं की बरं वाटतं.

११ नोव्हेंबर
आजचं वाक्य मशीनच्या तोंडचं, तेही माझ्याच आवाजात: "आई, दार उघडू नको. बाहेर आहे ती मी नाही." सरांनी टाळ्या वाजवल्या. या मालिका लिहिणारे बेरकी. भूतबीत काही नाही, आपण खिशात घेऊन फिरतो त्याचंच भ्या दाखवतात. शेवटी आई खऱ्या मुलीला दार उघडते. ते मला फार आवडलं.

१४ नोव्हेंबर
आई म्हणाली, सकाळीच तर बोललीस की. मी फोन केलाच नव्हता. वय झालं तिचं, म्हणून हसून सोडून दिलं.

१७ नोव्हेंबर
आज पुन्हा. सकाळच्या गौतमीनं गुडघ्याची गोष्ट सांगितली म्हणे. ती तर मी फक्त —
स्टुडिओला कुलूप. सरांचा फोन बंद. खालच्या दुकानाचे जालिंदरमामा म्हणाले, "सामान काल रात्रीच हलवलं की, पोरी."

१८ नोव्हेंबर
आईनं फोन कापला. कापण्याआधी म्हणाली, "तुम्ही कोन हाय, ठावं न्हाई बाई. माझ्या लेकीनं सांगितलंय, तिच्या आवाजात कोनतरी फोन करील म्हनून."
'तुम्ही' म्हणाली. मला.

१९ नोव्हेंबर, खुटबाव
दुपार. दाराबाहेर बसून लिहितेय. आळी सगळी रानात गेलेली. हाका मारल्या. जय भीम म्हटलं. गुडघा सांगितला. आत आई रडतेय, दाराशीच आहे, बांगड्या वाजल्या —
आत फोन वाजला. स्पीकरवर मी. अकरा तारखेचं वाक्य, जसंच्या तसं —
मालिकेत आई इथे उघडते. उघडतेच. कडी हलली —
वरची. आई वरची कडीसुद्धा लावतेय