होम रिसॉर्ट डोंगरातलं घे

ऐक,

सुट्टीच्या सदस्यत्वाचा तो माणूस संध्याकाळी सह्या घ्यायला येईल, तेव्हा मी ताईकडे असेन. माझी सही करून ठेवली आहे. होम रिसॉर्टची जागा तेवढी कोरी सोडलीय. जेवण ओट्यावर झाकलेलं आहे, गरम करून घे.

समुद्राकाठचं घ्यायचं तुझ्या मनात आहे. तिथे मुलांसाठी वेगळा तलाव आहे, घसरगुंडी आहे, सगळं मान्य. पण होम रिसॉर्ट म्हणजे दरवर्षी हक्काने तिथेच खोली मिळणार, आणि दरवर्षी त्या तलावाच्या काठावर बसून मी काय करू? डोंगरातलं घे. तिथे नुसती झाडं आणि पेन्शनीतली माणसं आहेत.

परवा त्यांच्या ऑफिसात त्या बाईने विचारलं, "मुलं किती?" आणि तू पटकन म्हणालास, "एक. मुलगी." मी कपातल्या चहाकडे बघत बसले. तू समजलास मी चिडलेय. चिडले नव्हते रे. आपली चिमी वारल्यापासून कुणी विचारलं की मी "नाही" म्हणून मोकळी होते. तू नाही झालास.

तो आज पुन्हा तेच विचारेल. माझ्याने समोर बसवणार नाही, म्हणून निघाले. तू परवासारखंच सांग. वय विचारलं तर सहाच सांग.

आणि डोंगरातलं घेतलंस तरी खोली दोघांची नको. तिघांची घे.