लांबडं, बुटकं आणि घंटा

३ ऑगस्ट, दुपार

चि. ठोंब्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं खोकं परवा पोचलं. टेम्पोवाल्याने ते दारात टेकवलं, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "बाई, यात दगड आहेत का?" मी म्हटलं, "माझ्या भावाचं तारुण्य आहे." तो सही घेऊन निघून गेला.

आम्ही दोघी ठीक आहोत. हे गेल्यापासून घरात मी आणि सासूबाई, दोघीच. त्यांची तब्येत चांगली आहे, फक्त कान गेले. हाक मारली तर ओ देत नाहीत, एक गोष्ट दोनदा आणि ओरडून सांगावी लागते. वय झालं, चालायचंच. मी फोन का उचलत नाही, असं तू चिठ्ठीत विचारलं आहेस. अरे, इथे रेंजच्या नावाने बोंब आहे. पत्रच बरं. तुझं अक्षर तेवढं सुधार.

आता तुझ्या यंत्राकडे, त्या जुन्या कॉम्प्युटरकडे, वळू. बाहेरच्या खोलीत एक जुना पियानो दुरुस्तीला आला आहे, त्याच्या शेजारच्या टेबलावर ते मांडलं. बटण दाबल्यावर आतला पंखा असा घरघरला की मी दोन पावलं मागे सरले. मग काळ्या पडद्यावर आकडे पळाले, आणि शेवटी ती पांढरी रेघ लुकलुकत उभी राहिली, काय करू सांग म्हणून. मला ती पहिल्याच दिवशी आवडली. हल्लीची यंत्रं आपल्याला काय हवं ते स्वतःच ठरवतात.

दोन्ही साउंड कार्डं तू काढून वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलीस, हे शहाणपण. पण त्यांचे जंपर, ते काळे चिमुकले तुकडे, काड्यापेटीत एकत्र भरून पाठवलेस, हे मात्र तुझ्या नावाला जागणं. कुठला कुठे बसवायचा? मी त्यांना टोप्या म्हणते, कारण ते पितळी काट्यांच्या डोक्यावर बसतात. लांब कार्ड ते लांबडं, दुसरं ते बुटकं. लांबडं तू यावर रचलेल्या सुराचा खालचा भाग वाजवतं आणि बुटकं वरच्या घंटा, एवढं मला आठवतं.

अंदाजाने टोप्या बसवून पाहिल्या. यंत्र सुरू झालं, तुझा प्रोग्राम उघडला आणि सगळंच गोठलं. मग डोकं लढवलं. प्रत्येक कार्डाला एक पत्ता लागतो, आणि मी दोघांना एकच देऊन बसले होते. पोस्टमन कुणाचं दार वाजवणार? बुटक्याला दुसऱ्या पत्त्यावर हलवलं. तरीही गोठलं. मग कळलं की यंत्राचं लक्ष वेधून घ्यायला प्रत्येकाची आपापली तार असते आणि दोघंही पाच नंबरचीच तार ओढत होती. एका म्यानात दोन तलवारी. बुटक्याला सातवर नेलं, तर तिथे म्हणे प्रिंटर बसतो. प्रिंटर घरात नाही, तर जागा कशाला अडवायची? त्याला सेटिंगमधून रजा दिली.

आणि लांबडं वाजलं. ठोंब्या, तुझा सूर इतक्या वर्षांनी माझ्या खोलीत. मी हातातला पेचकस खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. खालचे ते जाड, सावकाश स्वर तू अठराव्या वर्षी कुठून आणलेस कोण जाणे.

बुटकं मात्र मुकं आहे. तुझ्या आठवणीत असेल ते सगळं लिहून पाठव. भाचीला सांग, तिच्या वाद्यवृंदाला वाजवायच्या तुझ्या सुराबद्दल महिनाअखेरीच्या आत तिला उत्तर मिळेल. आत्याचा शब्द.

तुझी,
ताई


१३ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद. पत्र मिळालं, चित्रासकट. टोप्या अगदी तू चित्रात दाखवल्यास तशा बसवल्या. माझ्या दोन बरोबर होत्या, हे नोंदवून ठेव.

आता मजा ऐक. लांबड्याच्या पाठीतून निघालेली वायर मी बुटक्याच्या पाठीत खुपसली, म्हणजे दोघांचा आवाज मिळून एकाच स्पीकरच्या जोडीतून बाहेर येतो. तू तेव्हा असंच करायचास ना? प्रोग्राम चालू केला. लांबडं खणखणीत वाजलं, आणि त्याचा आवाज बुटक्याच्या पोटातून येतोय. याचा अर्थ बुटक्याचा घसा ठीक आहे. फक्त स्वतःचं असं काही ते बोलत नाही. दुसऱ्याचा निरोप बिनबोभाट पोचवतं आणि स्वतःची पाळी आली की गप्प.

हा काय प्रकार आहे म्हणून मी झपाटलेच. पडद्यावर घंटेच्या नावाची हिरवी पट्टी दर वेळी उडी मारते, म्हणजे यंत्र पाठवतंय. पण पाठवलं म्हणजे पोचलं असं नाही. बुटक्याच्या खाचेत लांबडं बसवलं, लांबड्याच्या खाचेत बुटकं. पितळी दात खोडरबराने घासले. स्पीकर बदलले, वायर बदलली. शेवटी एक अक्कल सुचली. तुझ्या प्रोग्रामला सांगितलं की घंटासुद्धा लांबड्यावरच वाजव. तरी घंटा नाही.

म्हणजे दोष कार्डात नाही. घंटेची फाइलच नासली आहे. इतकी वर्षं अडगळीत पडून राहिल्यावर दुसरं काय होणार? ग्लासवर चमचा वाजवून आपण स्वयंपाकघरात टेपवर आवाज धरला होता, आठवतं? बाबा चहासाठी खोळंबले होते. मी म्हणते, ही फाइल पुसून टाकते आणि नव्याने ग्लास वाजवून भरते. तुझं हो आलं की लगेच.

एक विचारायचं होतं. घंटा तू इतक्या वर का लिहिलीस? पडद्यावरचे आकडे पाहिले तर ती पियानोच्या अगदी शेवटच्या पट्ट्यांवर जाते. तिथे कोण वाजवतं? पियानो जुळवताना मी स्वतः तो कोपरा शेवटी उरकते. आणि तुला एक स्वर खटकतोय तो तिथलाच, त्यावर माझा निकाल हवा म्हणतोस. "ताई हो म्हणाली तरच पोरीचा वाद्यवृंद तो तसा वाजवेल," हे वाचून छाती फुगली. पण घंटा मिळेल तेव्हा ना.

बाकी विशेष काही नाही. शाळेच्या सभागृहातला पियानो जुळवून आले तर तिथल्या संगीतशिक्षिकेने परत बोलावलं. म्हणाली, वरच्या पट्ट्या बोचतात. मी म्हटलं, हवा दमट आहे, लाकूड फुगतं. मग स्वर मोजणारं काट्याचं यंत्र लावून त्या नीट केल्या. हल्ली वरच्या पट्ट्यांना मी काटाच वापरते, वेळ वाचतो.

सासूबाई काल दिवसभर तोंड फुगवून होत्या. विचारलं तर म्हणाल्या, काही नाही. निदान तसंच काहीतरी म्हणाल्या.

तुझी,
ताई


२५ ऑगस्ट

माझ्या ठोंब्या,

हे पत्र बसून वाच. कुणी गेलेलं नाही, घाबरू नकोस.

तुझं उत्तर येण्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मी यंत्रासमोर होते. सासूबाई टेबलापलीकडे मटार सोलत होत्या, पडद्याची पाठ त्यांच्याकडे. मी सूर लावला. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली आणि काहीतरी बोलल्या. मी "काय?" म्हणून ओरडले. त्या उठून माझ्याजवळ आल्या, आणि अगदी समोर तोंड आणून म्हणाल्या, "ती घंटा जरा हळू वाजव की गं. दाताला झिणझिण्या येतात."

"कुठली घंटा?"

"ही काय. रोज तर वाजवतेस."

मी म्हटलं, "आई, जागेवर बसा, आणि वाजली की मला खूण करा." त्या बसल्या. मी सूर पहिल्यापासून लावला. पडद्यावर हिरवी पट्टी उडाली आणि पलीकडे सासूबाईंनी हातातली शेंग वर केली. पट्टी उडाली, शेंग वर. पट्टी गप्प, शेंग गप्प. एकदा दोन उड्या पाठोपाठ आल्या, तर त्यांनी शेंग दोनदा हलवली. पडदा त्यांना दिसत नव्हता. मी वाकून पाहिलं, अजिबात दिसत नव्हता.

मी यंत्र बंद केलं. त्या म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "अहो, तुम्हाला कसं ऐकू येतं?"

"मला न यायला काय झालंय? तू हाक मारलीस की मी ओ देते. तू आपली पुन्हा हाक मारतेस, आणि मग अंगावर ओरडतेस. मी म्हटलं, हा गेल्यापासून स्वभाव तिरसट झाला हिचा. बोलून कशाला दुखवा?" मग मटाराची पाटी पुढे ओढून म्हणाल्या, "दाराची बेल वाजली की हल्ली कोण उठतं, आठवून बघ."

मी आठवलं. त्याच उठतात.

ठोंब्या, बुटकं मुकं नव्हतं, तुझी फाइलही नासलेली नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, ते अंगण मी तीन आठवडे पेचकस घेऊन खणत होते. पियानोच्या वरच्या पट्ट्या गेलं वर्षभर मला ठोकळ्यासारख्या लागत होत्या, ठक ठक. मी म्हणायचे हातोड्यांवरचा लोकरी नमदा झिजला, तारा जुन्या झाल्या. प्रत्येक पियानोच्या तारा एकदम कशा जुन्या होतील, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मी, जी कार्डाच्या एका काट्यावरून दहा प्रश्न काढते. आणि इथली रेंजही उत्तम आहे. फोनवर तुझे शब्द मला अर्धेच कळतात, म्हणून उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. "फाइल पुसू नकोस, ताई. घंटा मुद्दाम वर लिहिली. आपल्या गल्लीतून येताना बंद दारामागे टीव्ही चालू आहे की नाही, ते तू रस्त्यावरूनच सांगायचीस, त्याची ती बारीक शीळ ऐकून. मला ती कधी आलीच नाही. घरात तुलाच सगळ्यांत नीट ऐकू येईल असं काहीतरी करायचं होतं. बाबा म्हणायचे, इथे काही वाजत नाही, आणि तू म्हणायचीस, वाजतंय. मला तेव्हा फार बरं वाटायचं."

ते वाचून मी रडले. लपवत नाही. मग एक पत्र लिहिलं तुला. घंटा मिळाली, स्वर बरोबर आहे, वाजवा बिनधास्त, असं. पाकिटात घालून चिकटवलंसुद्धा. तुला कधी कळलं नसतं. पण भर सभागृहात पोरीचा वाद्यवृंद तो स्वर वाजवणार, समोर कान असलेली माणसं बसणार, आणि पोर म्हणणार, आत्याने सांगितलं होतं. पाकीट फाडलं.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी कागदावर माझ्या कानांची रेघ काढली. ती बरीच सरळ जाते आणि वरच्या स्वरांपाशी जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली येते. इतकी वर्षं वरच्या पट्ट्या जोरजोरात ठोकून तारा बसवल्या, त्याची ही बिदागी. गेलेलं परत येणार नाही, म्हणाले. कानाला यंत्र बसवलं तर बोलणं समजेल. वरचे स्वर पूर्वीसारखे येतील असं वचन त्यांनी दिलं नाही, मीही मागितलं नाही. कामाचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. शाळेच्या शिक्षिकेला मात्र खरं सांगितलं. ती म्हणाली, काट्याने जुळवा, मी शेजारी बसून ऐकते. भीती वाटते, ठोंब्या. मला दुसरं काही येत नाही.

आता तुझा निकाल. सूर उघडून मी फक्त घंटेची ओळ एक सप्तक खाली आणली. तुझ्या मूळ फाइलला हात लावला नाही, दुसऱ्या नावाने ठेवली. लांबड्याचा आवाज कमी केला, सासूबाईंना शेजारी बसवलं आणि एंटर दाबलं.

वाजली रे. आपला ग्लास, आपला चमचा, थोडा जाडसर झालेला. खालचे स्वर चालत राहतात आणि ती मध्येच वरून एखादा थेंब टाकते, जिथे मी कधीच टाकला नसता तिथे. सासूबाई म्हणाल्या, "आता दाताला लागत नाही." आम्ही दोघींनी पुन्हा पुन्हा ऐकलं.

तुझी शंका खरी आहे. शेवटून दुसरी घंटा अर्ध्या स्वराने चढी आहे. ती उतरव. बाकी एकही हलवू नकोस. हे मी ऐकून सांगते आहे, अंदाजाने नाही. भाचीला सांग, घंटा तुझ्या मूळ जागीच वाजवायची, वरच. मला ऐकू यावी म्हणून ती खाली ओढायची नाही. मी पहिल्या रांगेत बसेन, सासूबाईंना शेजारी घेऊन, आणि त्यांच्या हाताकडे बघेन.

रविवारी फोन कर. मी उचलेन. सावकाश बोल, आणि माझ्याकडून काही सुटलं तर रागावू नकोस.

"परत सांग" म्हणायला शिकणारी,
तुझी ताई