कोऱ्या चेहऱ्याची बाहुली

॥ श्री ॥

मेलवीदी, तंजावूर
१० ऑगस्ट २००२

चि. सौ. कृष्णवेणीस वहिनीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि मासिकांचा गठ्ठा पोचला. टपालवाल्याने विचारलं की एवढं वाचून अम्मा कुठली परीक्षा देणार. मी सांगितलं, या गावात मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण नागरी अक्षर वाचणारी मी एकटी उरले की सरकार मला राजवाड्यातल्या संग्रहालयात ठेवणार आहे, त्याची तयारी चालली आहे. पाकिटावर तू माझ्या नावाआधी सौ. लिहीत नाहीस ते बरोबर, पण गं. भा.ही लिहीत नाहीस, ते मी पाहते. बोलत नाही एवढंच.

आता एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. बाहुल्यांची पेटी देऊन टाकायचं मी ठरवलं आहे. राजवाड्याजवळ सुब्रमण्यमचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. महालय पक्ष लागायच्या आत तो येऊन नेणार आहे. तुझे दादा गेल्यापासून नवरात्रात मी बाहुल्यांचा कोलू मांडलाच नाही. पायऱ्यांच्या फळ्या माळ्यावर आणि पेटी खाटेखाली. दर वर्षी एक नवी बाहुली पायरीवर यायला हवी म्हणून ते कचेरीतून आल्यावर कागदाचा लगदा भिजवायचे, आणि त्यासाठी माझं डाळीचं पातेलं न विचारता घ्यायचे. शेवटची मान डोलावणारी बाहुली पांढऱ्या रंगाचा एक हात देऊन तशीच राहिली. तिला चेहराच नाही. पेटी उघडली की तीच सगळ्यांत वर. मागच्या नवरात्रात मी उघडली आणि लगेच झाकली. जी पेटी उघडवत नाही ती ठेवून काय करायचं?

बाकी मी जेवते, झोपते, शेजारची वरलक्ष्मी रोज डोकावून मी जेवले की नाही ते बघते. माझी काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे? अखिला फोनवर म्हणत होती की आईचा गुडघा महाबळेश्वरला नीट चालतो, तंजावूरचं नाव काढलं की दुखतो. मुलगी तुझ्यावर गेलेली नाही, खरं बोलते.

माया आहे तेवढी असू दे, कमी झाली तर कळव.

तुझी,
वहिनी


पुणे
१९ ऑगस्ट २००२

ती. वहिनीस कृष्णवेणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता माझी भाजी करपली. घरच्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, यावरून माझा चेहरा कसा असेल ते समज. पेटी माझ्या दादाची असली तरी घर तुझं आहे, म्हणून हुकूम सोडत नाही. एवढंच मागते की सुब्रमण्यम येण्याआधी एक गोष्ट करून बघ.

अखिला बंगलोरला ज्यांच्या हाताखाली शिकते त्या कमलाक्षी मॅडम चित्र, माती, गाणं, हालचाल यांच्या मदतीने मनावर उपचार करतात. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, मी कलोपचार म्हणते. लांबच्या माणसांसाठी हल्ली त्या हे संगणकावरूनही करू लागल्या आहेत. इकडे कॅमेरा, तिकडे कॅमेरा. त्यांना तमिळ येतं. अखिलाला मी म्हटलं की तूच कर की मामीचं, तर म्हणाली, नात्यातल्या माणसाने हे करायचं नसतं. तिथे तू काय बोललीस ते मॅडम तिलाही सांगणार नाहीत.

काय होतं तेही तिच्याकडून विचारून घेतलं, कारण तू आधी दहा शंका काढशील. पहिल्या वेळी त्या विचारतील की तुला यातून काय हवंय. चित्र चांगलं येण्याची गरज नाही, मार्क नाहीत, कुणाला दाखवायचं नाही. चित्राचा अर्थ त्या सांगत नाहीत, तुला काय दिसतं ते विचारतात. नको वाटलं की नको म्हणायचं, थांबायचं. कागद, रंग, थोडी ओली माती आणि प्यायचं पाणी जवळ ठेवायचं. जागा अशी हवी की बाकीच्यांना ऐकू जाणार नाही. लाइन तुटली तर त्या फोन करतील. आणि करून आल्यावर हलकंच वाटेल असं नाही. एखाद्या दिवशी जडही वाटेल, तेव्हा लगेच कामाला लागू नकोस. हे औषध नाही आणि जादूही नाही, असं अखिलाने मला बजावून सांगितलं आहे.

माझ्या गुडघ्याबद्दल ती कार्टी काय बोलते तिकडे लक्ष देऊ नकोस. जिने चढताना खरंच दुखतो.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी,
कृष्णवेणी


॥ श्री ॥

तंजावूर
१ सप्टेंबर २००२

चि. सौ. कृष्णवेणीस अ. उ. आ.

गेले. तुझ्या करपलेल्या भाजीसाठी गेले असं समज.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या सूर्यनारायणने स्टेशनच्या रस्त्यावर ब्राउझिंग सेंटर उघडलं आहे. आत लाकडी खुराडी आहेत, एकेका खुराड्यात एकेक संगणक. दुसऱ्याला ऐकू जायला नको असं मी त्याला सांगितलं, तर त्याने कोपऱ्यातल्या खुराड्याला बायकोच्या साडीचा पडदा लावला आणि वर लग्नातल्या नादस्वरमची कॅसेट मोठ्याने लावून दिली. कमलाक्षी मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारला की तुमच्याकडे लग्न आहे का.

पण त्याच्याही आधी एक घोटाळा झाला. बाईमाणूस पहिल्यांदा भेटणार, तिला हळदकुंकू आणि पानसुपारीशिवाय कसं पाठवायचं? ती बंगलोरला बसली आहे आणि कुठेच जाणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी ताटात विडा, हळकुंड, केळी, नारळ असं सगळं घेतलं. कुंकू माझ्या हाताने चालत नाही म्हणून वरलक्ष्मीला बरोबर नेलं. पडद्यावर मॅडमचा चेहरा उमटला, आखूड केसांची, चष्मा लावणारी, माझ्याच वयाची बाई. मी नमस्कार करते तोवर वरलक्ष्मीने बोट पुढे केलं आणि काचेवर, नेमकं त्यांच्या कपाळावर, कुंकू लावून टाकलं!

मग काय सांगू तुला. मॅडम जरा हलल्या की कुंकू नाकावर. वाकल्या की कानावर. त्यांना बिचाऱ्यांना काही दिसत नव्हतं, दोन बायका तोंडात पदर कोंबून का हसताहेत ते कळत नव्हतं. मी एवढी हसले की पोट दुखलं. दादा गेल्यानंतर अशी हसले नव्हते.

वरलक्ष्मी बाहेर जाऊन बसल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्याही हसल्या आणि सहज म्हणाल्या की मध्ये येत असेल तर पुसून टाका. मी पदराचं टोक हातात घेतलं आणि हात तिथेच थांबला. कुंकू कसं पुसतात ते मला ठाऊक आहे, कृष्णवेणी. त्या दिवशी वरलक्ष्मीच्या सासूने माझं पुसलं. तिला ते करवेना, म्हणून मीच कपाळ पुढे केलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. त्या बाईला तमिळमध्ये सांगून टाकलं. पडद्यावरचा त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. मला वाटलं लाइन तुटली. तुटली नव्हती.

मग त्या म्हणाल्या की थांबलेला तो हात कागदावर उतरवता येईल का, कुठल्याही रंगात. मी लाल रंगाचा एक गोळा काढला. काय दिसतं असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बीट. त्या चूक काढतील असं वाटून मी थोडी घुश्शातच होते, पण त्यांनी चूक म्हटलं नाही, बीट कुठे ठेवायचं ते विचारलं. तेवढ्यात लाइन खरोखरच तुटली. मग फोन आला, त्यावर मी ठीक आहे असं कबूल करून घेतल्याशिवाय त्यांनी तो ठेवला नाही. घरी आल्यावर दिवसभर पीठ वाटल्यासारखी दमले होते. पेज पिऊन झोपले.

काचेवरचं कुंकू अजून तसंच आहे. पुसायला कुणी तयार नाही. सूर्यनारायण म्हणतो, नोकरीचे अर्ज पाठवणारी मुलं आता तोच संगणक मागतात.

पेटीचं मात्र ठरलं आहे ते ठरलं आहे.

तुझी आठवण येते ती येऊ दे, तूही ये म्हणते.

वहिनी


पुणे
९ सप्टेंबर २००२

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसण्यासाठी. दुसऱ्यांदा वाचताना मध्येच खाली ठेवलं. कपाळ तू पुढे केलंस हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले होते, तुला आठवत असेल, किंवा नसेल.

अजून एकदा जा. माझ्या भाजीसाठी नाही.

यायचं म्हणशील तर इथे पडदे शिवायला टाकलेत, अखिलाचे बाबा दौऱ्यावर, आणि गुडघ्याचं तू जाणतेसच. बघते.

सुब्रमण्यमला थोडं थांबव ना. एवढं माझं ऐक.

आहेस तशीच असावीस.

तुझी,
कृष्णवेणी


॥ श्री ॥

तंजावूर
१९ सप्टेंबर २००२

चि. सौ. कृष्णवेणीस अ. उ. आ.

पडद्यांना एवढे दिवस? आमच्या सूर्यनारायणने साडी टांगून काम भागवलं.

मी पुन्हा गेले, आणि त्यानंतरही गेले. एकदा मॅडमनी कागद भरायला सांगितलं, तर मी ठिपके देऊन बारीक कोलम काढला, उंबऱ्यावर रांगोळीने काढते तसाच, एक रेघ वाकडी नाही. त्यांनी छान म्हटलं आणि विचारलं की ठिपक्यांशिवाय काढून बघायचं का. ठिपक्यांशिवाय माझी रेघ कागद सोडून टेबलावर गेली. सूर्यनारायणला टेबल पुसावं लागलं. मग त्यांनी विचारलं, घरात असं काही आहे का, जिथे हात जायला बघतो आणि जात नाही. मी म्हटलं, आहे एक, तिला चेहरा नाही. तिला आणा असं त्या म्हणाल्या नाहीत. वाटलं तर आणा, नाहीतर नका आणू, एवढंच म्हणाल्या. हुकूम केला असता तर मी मुळीच नेली नसती.

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतात तशी पेटी झटक्यात उघडली. बाहुली दादांच्या जुन्या धोतरात गुंडाळून वायरच्या पिशवीत घातली आणि टाउन बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, नात का? मी म्हटलं, हो, अजून तोंडावर पाणी मारायचं आहे.

कॅमेऱ्यासमोर ठेवून टिचकी मारली. मान डोलायला लागली. तिकडे मॅडमही मान डोलावू लागल्या, आणि चित्र अडकून त्यांचे चौकोन चौकोन झाले. लाइन सुरळीत झाल्यावर त्यांनी विचारलं, ती कशाला हो म्हणते आहे? मी त्यांना दादांची खोड सांगितली. आमचं भांडण झालं की ते उठून बाहुलीला टिचकी मारायचे आणि म्हणायचे, बघ, हिला माझंच पटतं. मॅडम म्हणाल्या, आज तुम्ही विचारा. मी विचारलं, तुला सुब्रमण्यमला देऊ का? तिने मान डोलावली. तुला ठेवू का? त्यालाही डोलावली. तेव्हा मला असा राग आला, कृष्णवेणी! मी मराठीत मोठ्याने बोलले की बापासारखीच आहेस तू, सगळ्याला हो म्हणायचं आणि शेवटचं काम माझ्यावर टाकून निघून जायचं. सांगायचं तरी होतं मला, मी रंग कालवून दिले असते. मग रडले, तेही मराठीत. मॅडमना मराठी येत नाही. म्हणाल्या, शब्द कळले नाहीत, बाकी कळलं.

त्या आठवड्यात रंगांचे डबे उघडले. काही वाळून दगड झाले होते. जे उरले त्यांनी घरीच रंगवायला बसले. साडी हिरवी, काठ नीट आले नाहीत. नाक माझंच आलं आहे, जरा मोठं. चष्माही काढला, वाचणारी बाई आहे ती. कपाळावर कुंकू लावलं आहे. तैलरंगाचं आहे, पुसायचं म्हटलं तरी कुणाला पुसता यायचं नाही.

काल सुब्रमण्यम आला. त्याला कॉफी दिली आणि पेटी राहणार म्हणून सांगितलं. तो बाहुलीकडे बघून म्हणाला की अम्मा, ही खपली नसतीच. त्याच्या पाठीला मी नमस्कार केला. माळ्यावरच्या फळ्या उतरवायला वरलक्ष्मीने तिच्या नवऱ्याला कामाला लावलं आहे. हळदकुंकवाचं ताट तीच फिरवील. हरभऱ्याचं सुंडल मी वाटीन. आणि गाणं म्हण असा कुणी आग्रह केला तर म्हणेन, बेसूर असलं तरी.

एक काम राहिलं आहे. डोळे शेवटी काढायचे, हा दादांचा नियम. आणि तू लग्नानंतरही दर नवरात्रात यायचीस तेव्हा उजवा डोळा ते काढायचे आणि डावा तुला काढायला द्यायचे, कधी चुकवलं नाही. उजवा मी काढून ठेवला आहे. सध्या ती एका डोळ्याने दाराकडे बघत बसली आहे. वरलक्ष्मी म्हणते, भीती वाटते, लवकर काहीतरी करा.

तेव्हा गुडघ्याला विचार आणि कळव.

मी आहे तिथेच आहे.

तुझी,
वहिनी


पुणे
२६ सप्टेंबर २००२

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

महालय अमावास्येच्या आदल्या दिवशी चेन्नईला उतरते, तिथून बसने तंजावूर. अखिला बंगलोरहून परस्पर येईल. पडदे शिंपी ठेवून घेईल.

गुडघ्याला काही झालेलं नाही. दार उघडल्यावर दादाच्या कचेरीच्या चपला दिसणार नाहीत, तेवढ्यासाठी तो दुखत होता. मॅडमना विचारून ठेव की नणंदा चालतात का. बीट मलाही काढता येतं.

बारीक ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन ठेव, दादा ठेवायचा तसा. माझा हात पूर्वीसारखा राहिलेला नाही. डोळा तिरका आला तर हसू नकोस, किंवा हस, पण काढून झाल्यावर.

मी येते की नाही असं तिला टिचकी मारून विचारून बघ. या वेळी तिचं हो खरं आहे.

बाकीचा लोभ समोरासमोर.

तुझी,
कृष्णवेणी